मोजा जरूर, पण एकदाच मोजून सोडू नका

२००७ साली एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगने होतकरू खेळाडूंची नेहमीप्रमाणे शारीरिक चाचणी घेतली. उंची, हातांचा पसारा, उभी उडी, छोटी धाव, दिशा बदलत पळणे आणि बाकावर पाठ टेकून वजन उचलणे अशी ही चाचणी असते. वजन १८५ पौंडांचे, म्हणजे साधारण ८४ किलोचे होते आणि ते किती वेळा उचलता येते हे मोजायचे होते. केव्हिन ड्युरँट नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला ते एकदाही उचलता आले नाही. एकूण गुणांतही तो जवळजवळ तळाशी राहिला. तरीही त्यानंतर झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, सिएटलच्या संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पुढे २०१४मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अमेरिकेसाठी त्याने चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्याच्याआधी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ग्रेग ओडन गुडघ्यांच्या दुखण्याने जायबंदी झाला. एनबीएमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम १०५ सामने आले.

ही गोष्ट बहुधा शारीरिक चाचण्यांची खिल्ली उडवण्यासाठी सांगितली जाते. मला तिच्यातून वेगळे काही दिसते. सिएटलच्या निवडकर्त्यांना तो वजनाचा भोपळा मनावर न घेणे परवडले, कारण त्यांच्या हाती दुसरी माहिती मुबलक होती. ड्युरँट टेक्सास विद्यापीठाकडून अख्खा हंगाम खेळला होता. प्रत्येक सामन्यात सरासरी पंचवीसच्या वर गुण त्याने केले होते आणि त्या सगळ्याचे चित्रीकरण उपलब्ध होते. चाचणीचा कागद हा त्या गठ्ठ्यातला एक कागद होता. आता पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या मसोलीतले किंवा तलासरीच्या एखाद्या पाड्यावरचे बारा वर्षांचे पोर डोळ्यांसमोर आणा. ते जिल्ह्याच्या निवड चाचणीला येते तेव्हा त्याच्याबद्दल दुसरा कागदच नसतो. त्याचे सामने कोणी चित्रित केलेले नसतात, कोणा प्रशिक्षकाने त्याला हंगामभर पाहिलेले नसते. त्या सकाळी घड्याळाने जो आकडा दाखवला तोच त्याचा पूर्वेतिहास आणि तोच त्याचा निकाल. ज्यांच्याकडे सर्वाधिक माहिती आहे ते चाचणीवर कमीत कमी विसंबतात आणि ज्यांच्याकडे काहीच नाही ते तिच्यावर सगळा भार टाकतात. आपल्याकडच्या क्रीडानिवडीचे खरे दुखणे हे आहे.

चाचण्या आपल्याकडेही नव्या नाहीत. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले निवडताना ३० मीटर धावणे, दहा मीटरच्या सहा फेऱ्या, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणे, पुढे वाकून लवचिकता दाखवणे आणि ८०० मीटर धावणे अशा कसोट्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. उंची आणि वजन त्यांच्या जोडीला असतेच. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सुरू केलेला ‘कीर्ती’ हा उपक्रमही ९ ते १८ वयाच्या मुलामुलींना अशाच रीतीने चाळणीतून काढू पाहतो. या कसोट्या मूर्खपणाच्या नाहीत. जगभर थोड्याफार फरकाने याच वापरतात. प्रश्न एवढाच आहे, की त्या पालघर जिल्ह्यातल्या मुलावर वापरल्या तर नेमके काय मोजले जाते?

सगळ्यात आधी जेवण मोजले जाते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. हा संपूर्ण राज्याचा आकडा आहे. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ज्या भागाचे नाव देशभर गेले, तिथल्या आजच्या मुलांना या सरासरीपेक्षा बरे दिवस आले आहेत असे म्हणायला कोणी धजावणार नाही. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत मागे पडते तेव्हा घड्याळ तिची क्षमता सांगत नसते, तिच्या रक्तातले लोह सांगत असते. ते भरून काढता येते, तेही काही महिन्यांत. पण निवड समितीच्या तक्त्यात ‘वेळ’ असा रकाना असतो, ‘लोह’ असा नसतो.

दुसरी गोष्ट वयाची. वाढत्या वयातल्या मुलांची तुलना वयोगटानुसार करावी लागते आणि त्यासाठी जन्मतारीख खरी लागते. महाराष्ट्राच्या ग्रामीण शाळांतली जुनी हजेरीपत्रके उघडून पाहिली तर १ जूनला जन्मलेल्या मुलांची संख्या पाहून परदेशी लोकसंख्याशास्त्रज्ञ चक्रावून जाईल. नाव घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे, मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरून शाळेच्या सोयीची तारीख लिहून टाकत. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली तसा हा प्रकार कमी झाला, पण दुर्गम पाड्यांवरून तो पूर्णपणे गेला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. एका वर्षाची चूक बाराव्या वर्षी फार मोठी असते. आणि तारीख अचूक असली तरी शरीर तारखेप्रमाणे वाढत नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वात झपाट्याने वाढते, पण कोणाची ही वाढ दोन वर्षे आधी येते, कोणाची दोन वर्षे उशिरा. लवकर वयात आलेला मुलगा तेराव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे उडी मारतो आणि अठराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. ज्याला पोषण कमी त्याची ही वाढ बहुतेकदा उशिरा येते. म्हणजे तेराव्या वर्षी लावलेली चाळणी ज्यांची वाढ अजून व्हायची आहे त्यांनाच नेमकी बाहेर टाकते.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिच्यावर निवडी होतात. ॲथलेटिक्समध्ये हाताने चालवलेल्या घड्याळाची शंभर मीटरची वेळ विद्युत यंत्रणेच्या वेळेशी जुळवायची तर ०.२४ सेकंद मिळवतात, कारण पंचाच्या बोटाला तेवढा वेळ लागतो. जिल्ह्याच्या मैदानावर तीस मीटरसाठी हातातलेच घड्याळ असेल, तर यादीतल्या कितीतरी मुलांमधला फरक या चुकीपेक्षाही कमी निघेल. शिवाय मातीवर अनवाणी धावायची सवय असलेल्या मुलीला अचानक सिंथेटिक धावपट्टीवर उभे करायचे, किंवा तलासरीहून भल्या पहाटे जीप आणि मग लोकल पकडून चहा-बिस्किटावर आलेल्या मुलाला अकराच्या उन्हात ८०० मीटर पळवायचे, आणि मिळालेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचा! दशांश स्थळे वाढवली म्हणून मोजमाप खरे होत नाही.

यावर पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा, की घड्याळ निदान वशिला तरी ओळखत नाही. आक्षेप खरा आहे. चाचण्या नव्हत्या तेव्हा निवड कोणाच्या ‘नजरेवर’ होई आणि ती नजर ओळखीच्या शाळेकडे, ओळखीच्या आडनावाकडे आधी वळे. पाड्यावरच्या मुलाला जिल्ह्याच्या मैदानापर्यंत आणणारी एकमेव गोष्ट ही चाचणीच आहे आणि ती काढून टाका असे सांगणारा माणूस त्याच्या पायावर धोंडा पाडतो आहे. चाचणीने दार उघडल्याची उदाहरणेही भक्कम आहेत. ब्रिटनने २००७मध्ये निव्वळ उंच तरुण-तरुणींना आवाहन करून नौकानयन, हँडबॉल आणि व्हॉलीबॉलसाठी नवे खेळाडू शोधले. त्यातून हेलन ग्लोव्हर पुढे आली. तिने २००८मध्ये वल्हे हाती घेतले आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. गंमत अशी, की तिची उंची अटीपेक्षा किंचित कमी भरत होती आणि मोजणी होताना आपण टाचा उचलल्या होत्या हे तिने स्वतःच सांगितले आहे. चाचणीने तिला शोधले हे जितके खरे, तितकेच चाचणीने तिला जवळजवळ गमावले होते हेही खरे. म्हणून माझे म्हणणे चाचणीविरुद्ध नाही. आत घेण्यासाठी ती उत्तम साधन आहे. एकाच दिवसाच्या आकड्यावर बाहेर काढण्यासाठी ती फार कच्चे साधन आहे.

आपल्या क्रिकेटपटूंना या भेदाचा फायदा न मागता मिळतो. २०१८च्या जून महिन्यात मोहम्मद शमी आणि अंबाती रायुडू यो-यो या धावण्याच्या चाचणीत नापास होऊन संघाबाहेर गेले. दोघांनाही पुन्हा चाचणी देता आली, दोघेही त्याच वर्षी भारताकडून खेळले आणि शमी २०२३च्या विश्वचषकात सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. मुंबईच्या सर्फराज खानच्या अंगकाठीवर कितीतरी वर्षे चर्चा झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये राजकोटला त्याला कसोटी खेळायला मिळाली तेव्हा त्याने पदार्पणातच ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या. ज्यांचे नाव आधीच झाले आहे त्यांना काही आठवड्यांत दुसरी संधी, आणि ज्यांचे नाव अजून व्हायचे आहे त्यांना ‘पुढच्या वर्षी या’. पुढच्या वर्षी त्या मुलाचा वयोगट उलटलेला असतो, किंवा दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर गेलेला असतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो अधिक गोड शब्दांत मांडला जातो: आदिवासी मुले जात्याच काटक असतात, डोंगर चढउतार करून त्यांची छाती आणि पाय तयारच असतात, त्यांना चाचण्यांची गरजच काय, सरळ लांब पल्ल्याच्या धावण्यात घाला. हे कौतुक घातक आहे आणि ते करून पाहिल्याचा अनुभव आपल्या शेजारीच आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या आणि गुजरातमधल्या सिद्दी समाजाची मुले निवडली गेली. पूर्वज आफ्रिकेचे म्हणून ही मुले धावणारच, असे त्यामागचे गृहीतक होते. काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवलीही. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला योजनेचा सिद्दींसाठीचा भाग गुंडाळला गेला, ज्यांना नोकरी मिळाली ते तरले आणि बाकीचे गावी परतले. माणसापेक्षा त्याच्या वंशावर भिस्त ठेवली, की निकाल लांबला तर धीर लवकर सुटतो. त्याच योजनेतून राजस्थानच्या आदिवासी भागातला लिंबा राम पुढे आला. त्याची पारख धनुष्यबाण हाती देऊन, म्हणजे त्याच कौशल्यात झाली होती आणि निवडीनंतर त्याला दिल्लीत शिकवले गेले. तो तीन ऑलिंपिक खेळला आणि १९९२मध्ये बीजिंगला त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणताना आपण डोंगरपायवाटांची आठवण काढतो, पण प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडची तिची वर्षानुवर्षांची मेहनत विसरतो. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले १० हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षीचे आशियाई रौप्य त्या मेहनतीचे आहे.

मग करायचे काय? मोजायचे, पण वाढ मोजायची. पहिल्या चाचणीत आठ सेकंद मागे असलेली मुलगी तीन महिन्यांचा नीट आहार आणि आठवड्यातून चार दिवसांचा सराव यांनंतर दोन सेकंदांवर आली, तर हा फरक तिच्याबद्दल पहिल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. शिकवलेले किती लवकर उचलते, थकल्यावर काय करते, हरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानावर येते का, हे एका सकाळी दिसत नाही. एनबीएचे संघसुद्धा चाचणीवर थांबत नाहीत. खेळाडूला आपल्या मैदानावर बोलावून सराव करवून घेतात, वैद्यकीय तपासणी करतात, मुलाखती घेतात. आपण त्यांच्या पद्धतीतला स्वस्त अर्धा भाग उचलला आणि महाग अर्धा सोडून दिला.

आणि इथेच डहाणूसारख्या भागाकडे एक जमेची बाजू आहे, जी शहरांकडे नाही. इथल्या आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा निवासी आहेत. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालची मुले महिनोन्महिने एका छताखाली राहतात, एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, एकाच मैदानावर खेळतात. आरोग्य तपासणीच्या वेळी त्यांची उंची आणि वजन मोजले जातेच. प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पातळ्यांवर आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धाही होतात. मुलाला वर्षभर पाहण्याची जी सोय एनबीएच्या चाचणीकर्त्यांना पैसे मोजूनही मिळत नाही, ती इथे आयती आहे. फक्त नोंद ठेवायची आहे. आदिवासी विकास विभागाने हे एकदा करून दाखवले आहे. ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या मुलांची निवड टप्प्याटप्प्याने झाली, दार्जिलिंग आणि लडाखला सराव झाला, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पारख झाली. मे २०१८मध्ये त्यातल्या पाच जणांनी एव्हरेस्ट सर केले. एका सकाळच्या धावेवर हा संघ निवडला असता, तर हीच पाच नावे निघाली असती असे कोण छातीठोकपणे सांगेल?

व्यवहारी माणूस विचारेल, की हजारो मुले, हातावर मोजण्याइतके क्रीडाशिक्षक, मग तीन-तीनदा कोण मोजणार? सगळ्यांना तीनदा मोजायची गरज नाही. पहिल्या फेरीत आजच्यासारखी कडक रेघ न ओढता वरची मोठी तुकडी ठेवावी आणि शाळेतल्या शिक्षकांना आपल्या पसंतीची काही नावे जोडू द्यावीत. जुलैमध्ये एकदा, दिवाळीची सुट्टी लागण्याआधी एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. स्थलांतर दिवाळीनंतर सुरू होते म्हणून दुसरी मोजणी आधी हवी. बसलेल्या स्थितीतली उंची आणि पायांची लांबी नोंदवली, तर मूल आपल्या वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा बरा अंदाज येतो. त्यासाठीची सूत्रे वीसेक वर्षांपासून वापरात आहेत. लबाडी होईल हेही धरून चालावे. वाढ जास्त दिसावी म्हणून जुलैत मुलांना हळू पळायला सांगणारे शिक्षक निघणारच. म्हणून वाढीबरोबर शेवटचा आकडाही मोजावा आणि पहिल्या वेळी दोन प्रयत्नांतला चांगला धरावा. पहिल्या दिवशी ताप असल्यामुळे मागे पडलेले मूल नंतर उगाचच ‘सुधारलेले’ दिसते, ही शंकाही रास्त आहे. तीन मोजण्या हव्यात त्या एवढ्यासाठीच.

राहिला खास बास्केटबॉलचा मुद्दा. इथे उंचीला पर्याय नाही, हे मान्यच करायला हवे. पंजाबातल्या बल्लो के गावचा, पुढे सात फूट दोन इंचांचा झालेला सतनाम सिंग वयाच्या मानाने फार उंच होता म्हणून लुधियानाच्या अकादमीत आला आणि २०१५मध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी ४१व्या क्रमांकावर, दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू असताना ज्याचे नाव पुकारले गेले, तो सर्बियाचा जाडसर, मंद पायांचा निकोला योकिच पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. उंची दोघांकडेही होती. डहाणू-तलासरीतून सात फुटी मुले निघणार नाहीत आणि त्यासाठी झुरण्याचे कारणही नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या खेळात उंचीपेक्षा दिशा बदलण्याचा वेग आणि डोके लागते. चाचणीचा उपयोग मुलाला नापास करण्यापेक्षा त्याला कोणता खेळ मानवेल हे ठरवण्यासाठी जास्त होतो. उभ्या उडीत मागे पडलेली मुलगी सहा फेऱ्यांच्या धावेत पहिली आली असेल, तर तिला घरी पाठवण्याऐवजी खो-खोच्या मैदानाकडे पाठवायला हवे.

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा आहे. त्याच्या क्रीडा कार्यालयावर जुन्या सवयींचे ओझे तुलनेने कमी असायला हवे. जिल्हा क्रीडा अधिकारी आणि डहाणूचे प्रकल्प अधिकारी यांनी एकत्र बसून पुढच्या जूनपासून निवडक आश्रमशाळांत प्रत्येक मुलाच्या नावाची एक नोंदवही सुरू करावी. तिच्यात तीन तारखा, तीन मोजण्या आणि मूल काय जेवते याचा एक रकाना असावा, आणि वर्षअखेरीस निवडीचे निकष मुलांच्या पालकांना मराठीतून वाचून दाखवावेत. निवड झाली नाही तर का नाही, हे विचारायचा त्यांना हक्क आहे.